गोड बियांचा मोगली एरंड

मी मोगली एरंड बोलतोय. नावात एरंड असला तरी खऱ्या एरंडाशी माझं नातं लांबचं. तुम्ही मला पाहिलं असेल, पण नीट पाहिलं नसेल. बांधावर, गोठ्यामागं, शाळेच्या कुंपणाला आम्ही उभे असतो. शेळ्या आम्हाला तोंड लावत नाहीत, म्हणून माणसं आम्हाला लावतात. पोरं देठ मोडून आमच्या चिकाचे फुगे उडवतात, एखादा म्हातारा काडी मोडून दात घासतो. बाकी वर्षभर आमच्याकडं कुणाची नजर जात नाही.

माझ्याकडं मात्र नजर गेली, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. का नाही, ते सांगायचं तर एका लेकराची आणि तिच्या आजीची हकिकत सांगावी लागेल.

न्हावऱ्याजवळच्या एका वस्तीवर सुभानचं घर आहे. सुभान तरुणपणी ट्रक चालवायचा. एकदा गुजरातेतल्या बंदरावर माल भरायला थांबला असताना गोदामाबाहेर फाटक्या पोत्यातून सांडलेल्या काळ्या बिया त्याला दिसल्या. पोती जहाजातून उतरलेली. कुठल्या मुलखातून आली, ते तिथल्या राखणदारालाही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "बकरी नहीं खाती इसको. बाड़ लगाओ." सुभाननं कुंपणासाठी म्हणून मूठभर बिया खिशात टाकल्या. त्यांतली एक मी.

सुभानच्या बायकोनं, बानूनं, त्या बिया शेळ्यांच्या आवाराच्या कडेनं खुरप्यानं टोचल्या. काही कुजल्या, काही मुंग्यांनी नेल्या. मी एकटा वर आलो. एका झाडानं काही कुंपण होत नाही. मग बानू गावाबाहेरच्या माळावर गेली आणि तिथून आमच्याच जातीच्या काड्या तोडून आणून माझ्या दोन्ही बाजूंना खोचल्या. आमची काडी जमिनीत गेली की लागतेच. अशी आमची रांग झाली. मी बियाण्याचा, बाकी सगळे काडीचे. वरून पाहणाऱ्याला आम्ही सारखेच. माझ्या पानाचा देठ जरासा तांबूस, एवढाच काय तो फरक; तोही सकाळच्या उन्हात, आणि बघायचाच म्हटलं तर.

त्या काड्या कुठून आल्या तेही सांगायला हवं. त्या वर्षांत एक हवा होती, की आता डिझेल झाडावर पिकणार. हौसराव आप्पा गावचे सरपंच होते. साधा, उत्साही माणूस. त्यांनी मुरमाड माळ आमच्या लागवडीला दिला. टेम्पो भरभरून रोपं आली. ती सगळी एकाच झाडाच्या काड्यांची होती. त्या झाडाला फळं फार लागायची म्हणे, म्हणून रोपवाटिकेनं त्याच्याच काड्या करून सगळीकडं धाडल्या. भीमेच्या अलीकडं शिरूर तालुक्यात तीच, पलीकडं दौंडात तीच. आप्पा रोज सकाळी माळावर चक्कर मारायचे आणि येताना सुभानच्या दारात थांबून म्हणायचे, "सुभान, थोडी वर्षं थांब. तुझ्या ट्रकात आपल्या माळाचं डिझेल घालू."

सुभान हसायचा. "घालू की, आप्पा. मग गाडी धुवायलाबी तेच घेऊ."

फळं आली. बिया न्यायला कुणी आलं नाही. आप्पांनी दोन-चार फोन केले, मग करायचे सोडले. तरी माळ हिरवा होता. मग एका साली पाऊस उघडलाच नाही. माळावर पाणी साचून राहिलं आणि पानांवर पिवळे ठिपके दिसू लागले. ठिपक्यांचे डाग झाले, पानं आखडली, बुडखे मऊ पडले. मी कुंपणातून बघत होतो. एकाला जे झालं ते दुसऱ्याला व्हायला वेळ लागला नाही, कारण दुसरा म्हणजे पहिलाच होता. दिवाळीपर्यंत माळ उघडा पडला.

कुंपणातल्या माझ्या शेजाऱ्यांनाही डाग आले. पण आमची जागा उंचावरची, पाणी वाहून जाणारी; ते कसेबसे तगले. माझ्या एकाही पानाला डाग आला नाही. तुम्हाला वाटेल, मला बरं वाटलं असेल. खरं सांगतो, मला भीती वाटली. सगळ्यांचं एक होत असताना आपलं वेगळं का होतंय, हे कळत नसलं की जीव घाबरा होतो.

वर्षं गेली. सुभाननं ट्रक सोडला, शेळ्या वाढवल्या. मुलगा सलमान कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं, आणि घरात मेहक आली. सलमानची बायको शिवणकाम करायची, त्यामुळं पोर सगळा दिवस आजीच्या मागं. बानू शेळ्यांना चारा टाकायला आली की मेहक तिच्या पदराला धरून. घरात ती माणसं आपसात दखनी बोलतात, बाहेरच्यांशी इथली मराठी. मेहक दोन्हींची खिचडी करायची. "दादी, ये झाडकू काय म्हनत्यात?" असं विचारायची.

"एरंडा बोलते इसकू. हात नहीं लगानेका," बानू सांगायची.

एका पावसाळ्यात स्नेहल नावाची मुलगी स्कूटरवर आली. पुण्याच्या कुठल्याशा संशोधन केंद्रात शिकणारी. पाठीवर पिशवी, पायात चिखलानं भरलेले बूट. तिनं बानूला विचारलं, "मावशी, या झाडांची दोन-दोन पानं घेतली तर चालतील का?"

"घ्या की. शेळीबी खात न्हाई ती. काय करताव त्याचं?"

"भीमेच्या या बाजूची आणि त्या बाजूची झाडं एकमेकांपासून किती वेगळी आहेत, ते तपासायचंय. दिसायला सगळी सारखी दिसतात. आतून बघायचंय."

बानूनं हातातला घास शेळीपुढं टाकला. "झाडांचीबी जात बघता व्हय तुम्ही लोक?"

स्नेहल हसली. "जात नाही मावशी. नातं बघते. कोण कुणाचा भाऊ, कोण परका."

"मग हितं काय बघायचं? समदी भावंडंच हायती. मीच लावल्यात."

स्नेहलनं एकेकाची पानं खुडून लहान लहान पाकिटांत घातली. माझ्यापाशी आली तेव्हा देठ पकडून ती थबकली. पान उलटं करून पाहिलं. मग माझी दोन पानं जास्त घेतली, आणि आदल्या साली खाली पडलेल्या माझ्या वाळक्या बियाही वेचून घेतल्या. जाताना तिनं बानूला बजावलं, "मावशी, याच्या बिया विषारी असतात. लेकरांना जपा."

"ते म्हाईत हाय की. सगळ्या गावाला म्हाईत हाय."

मलाही तेच माहीत होतं. जन्मल्यापासून दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

पाऊस सरला आणि आमची फळं पिकायला लागली. हिरवी होती ती पिवळी झाली, मग काळी पडून वाळली. अशाच एका दुपारी मेहक एकटी आली. बानू पलीकडं शेळी दोहत होती. मेहकनं माझा देठ मोडून फुगे उडवले, मग कंटाळून माझं एक फळ तोडलं. दगडानं फोडलं. आतली बी सोलली. पांढरा गर बाहेर आला, आणि तिनं तो तोंडात टाकला.

माझं काय झालं ते कसं सांगू. पानांतलं पाणी जागच्या जागी थांबल्यासारखं झालं. ती चावत होती. तिनं दुसरी बी सोलली. मग आजीनं हाक मारली आणि ती पळाली. सगळी दुपार मी घराच्या दाराकडं डोळे लावून होतो. आता रडणं ऐकू येईल, आता धावाधाव होईल. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, हसत, हातात तोच दगड घेऊन.

त्यानंतर ती येतच राहिली. रोज माझ्याच खाली बसायची, कारण माझी फळं तिच्या हाताला पुरतील अशी खाली वाकलेली होती. मी आधी घाबरलो, मग गोंधळलो, आणि मग, लपवत नाही, मला आनंद झाला. आजवर माझं कुणी काही खाल्लं नव्हतं. आमच्या कुळाला सगळे ब्याद म्हणत असताना एक लेकरू माझ्या सावलीत बसून चवीनं खात होतं. ती पुटपुटायची, "शेंगदाने हायत." मला वाटायचं, म्हणजे आपण सगळेच बिनविषारी असू आणि लोकांचाच काहीतरी गैरसमज असेल. शेजारच्यांत आणि माझ्यात फरक असेल, हे माझ्याही मनात आलं नाही.

मग माझी फळं संपली.

त्या दिवशी तिनं माझ्या फांद्या चाचपल्या. वर बघितलं. एखादं फळ उरलं होतं ते घेतलं. मग तिचा हात डावीकडं गेला, शेजारच्या झाडाच्या घोसाकडं. तिला काय फरक कळणार? पान तेच, फळ तेच, बी तीच. तिनं ओंजळभर फळं काढली आणि माझ्याच बुडाशी बसून एकेक फोडायला लागली.

मला ओरडता येत नाही. वारा असता तर निदान फांदी हलली असती. वाराही नव्हता.

ऊन कलायच्या आत तिच्या पोटात कळ आली. आधी उलटी झाली, मग उलट्या थांबेनात. बानूला वाटलं, दुपारचं कालवण बाधलं. ती पोरीला मांडीवर घेऊन पाठ चोळत होती. जुलाब सुरू झाले, मेहकचे ओठ कोरडे पडले, ती घशाला हात लावून "जलता, जलता" म्हणायला लागली. बानू पाणी आणायला उठली आणि कुंपणापाशी तिचा पाय अडखळला. तिथं काळ्या सालपटांचा ढीग पडला होता. मधे मधे पांढरा चुरा.

तिनं ती सालपटं उचलली. तिचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला.  मूठभर सालपटं तिनं पदरात बांधली आणि आत हाक दिली, "सलमान, गाडी काढ. अब्बी."

सलमाननं मोटरसायकल काढली. बानू मागं बसली, मेहक मधे, मान टाकून. गाडी शिरूरच्या रस्त्याला लागली आणि धूळ खाली बसेपर्यंत मी तिकडं पाहत राहिलो.

त्यानंतरचा काळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब. झाडाला कुठं जाता येत नाही, कुणाला विचारता येत नाही. शेळ्या दावणीला ओरडत होत्या, त्यांना कुणी चारा टाकला नाही. शेजारणी आल्या, सालपटांकडं बघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभान एकटाच आला. त्यानं शेळ्यांना पाणी दाखवलं आणि माझ्यासमोरच्या दगडावर बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. फोन वाजला तेव्हा तो घाईनं उठला.

"हौ. हौ. आंखां खोली?" एवढंच तो बोलला, आणि फोन ठेवून त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

सलाईनवर ठेवून, पोटातलं सगळं निघून गेल्यावर, मेहक सावरली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलीत. ती घरी आली तेव्हा आजीच्या कडेवर होती, एवढी मोठी पोर असून. बानूनं तिला कुंपणाकडं फिरकूही दिलं नाही.

लांबूनच कुंपणाकडं बोट करून तिनं नातीला विचारलं, "कबसे खाती तू वो?"

"रोज खाती," मेहक म्हणाली.

"झूट नको बोलू."

"खरंच रोज. त्या झाडाची." तिचं बोट माझ्याकडं होतं. "त्या दिवशी त्याला नव्हती, मग बाजूच्याची घेतली."

बानू माझ्याकडं बघत राहिली. तिला ते पटलं नाही, पण ती विसरलीही नाही.

दोन दिवसांनी हौसराव आप्पा आले. आता ते सरपंच नव्हते, काठी घेऊन चालत होते. ओट्यावर बसून त्यांनी मेहकच्या डोक्यावरून हात फिरवला. "भाभी, ही ब्याद मीच गावात आणली," ते म्हणाले. "आता मीच काढतो. जेसीबी सांगितलाय. शाळेचं कुंपण, स्मशानाकडची रांग, बांधावरची, समदी. नदीपलीकडंबी निरोप धाडलाय. तिकडंबी काढत्यात."

"आमचं आम्ही काढू, आप्पा," सुभान म्हणाला.

जेसीबीचा आवाज मी दिवसभर ऐकला. शाळेची रांग गेली. ओढ्याकडची गेली. संध्याकाळच्या सुमाराला सुभान कुऱ्हाड घेऊन आमच्यापाशी आला. पहिला घाव त्यानं शेवटच्या झाडाला घातला आणि माझ्या दिशेनं येऊ लागला. ज्याच्या खिशातून मी या गावात आलो त्याच माणसाच्या हातून मी जाणार होतो, आणि मला त्याचा राग येत नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

तेवढ्यात स्कूटर आली. स्नेहलनं ती नीट स्टँडवरही लावली नाही. "काका, थांबा. एक झाड ठेवा. हे तांबड्या देठाचं."

सुभाननं कुऱ्हाड खाली केली. बानू घरातून बाहेर आली. स्नेहलला मेहकचं काही कळलेलं नव्हतं. बानूनं सांगितलं तेव्हा तिनं आधी पोरीची चौकशी केली. मग हळू आवाजात तिनं सांगितलं. दोन्ही तालुक्यांतली शेकडो झाडं तिनं तपासली होती. सगळी जणू एकच झाड, वेगवेगळ्या जागी उभं असलेलं. वेगळं असं फारच थोडं सापडलं. दौंडच्या बाजूला कालव्यावरची काही जुनी झाडं, आणि इकडं हे एक.

"याच्या बियांत ते विष जवळजवळ नाहीच, मावशी. मी पुन्हा तपासलं. असं झाड इकडं मला दुसरं मिळालेलं नाही. याच्यापासून पुढं बिनविषारी वाण करता येईल. तेल मिळेल, पेंडही फेकावी लागणार नाही."

बानूला सगळं तेव्हाच उलगडलं. ती माझ्याजवळ आली आणि माझा देठ तिनं बोटांत धरला. "म्हंजी पोरगी खोटं बोलत नव्हती," ती म्हणाली. "ह्याची खाल्ली तवा काय झालं न्हाई. ह्यानंच तिला चटक लावली. मग तिनं बाजूच्याची खाल्ली."

बानूनं देठ सोडला.

"तुम्ही म्हनता, ह्यात विष न्हाई. मला तर ह्योच जास्त विखारी वाटतोय. बाकीची कडू तरी निघाली असती, तर पोरगी थुकली असती. समदी लागत्यात शेंगदान्यावानी. वरून सारखी, चवीला सारखी. लेकरानं वळखायचं कसं? तुम्ही मशिनीवर वळखता. माझ्या नातीकडं मशीन हाय का?"

"नाही," स्नेहल म्हणाली. "तुमचं बरोबर आहे."

मी हे सगळं ऐकत होतो. इतके दिवस जे मनात दाटून होतं ते बानूनं चार वाक्यांत बोलून टाकलं होतं. शेजाऱ्यांच्या विषानं ती पोर आजारी पडली, पण त्या विषापर्यंत तिला माझ्या गोडीनं नेलं.

 सुभान बायकोकडं बघत होता. निर्णय तिचा होता. शेवटी बानूनं घरातून कोयता आणला आणि माझ्या एका फांदीला स्वतःच घातला. मग दुसरीला. सरळ, जाड, फुटव्याचे डोळे असलेल्या काड्या तिनं निवडून काढल्या, जशा पूर्वी माळावरून काढल्या होत्या. पाण्यात बुडवलेल्या गोणपाटात त्या गुंडाळल्या आणि स्नेहलच्या हातात दिल्या.

"हे घ्या. पन माझ्या दारात ह्यो न्हाई ऱ्हायचा. आन् एक सांगते. जिथं लावाल तिथं लेकराला वळखू येईल असं कायतरी करा. तोवर कुनाच्या बांधाला देऊ नका."

"देणार नाही," स्नेहल म्हणाली.

ती स्कूटर वळवत असताना माझ्या मागं उरलेल्या बुंध्यावर सुभानची कुऱ्हाड पडली. एका जागी मी पडत होतो आणि एका जागी गोणपाटात गुंडाळून निघालो होतो. माणसाला हे कळायला अवघड जाईल. काडी म्हणजे मीच. माझं मूल नव्हे, मीच.

आता मी दौंड तालुक्यात, यवतजवळच्या एका प्रयोगाच्या शेतात आहे. हमरस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज दिवसभर येतो. मला ठिबकचं पाणी आहे, बुडाला खत आहे, भोवती जाळीचं कुंपण आहे. इतकी चांगली वागणूक मला कधी मिळाली नव्हती, आणि इतका घोरही कधी लागला नव्हता.

स्नेहलचे वरिष्ठ सत्यजीत सर पहिल्यांदा मला पाहायला आले तेव्हा फार खूश झाले. "विष नाही, रोग नाही. आणखी काय हवं?" ते म्हणाले. "याच्याच काड्या करा. दोन वर्षांत दोन तालुके भरून टाकू."

"सर, न्हावऱ्याच्या माळावर असंच केलं होतं," स्नेहल म्हणाली. "एकाच झाडाच्या काड्या. एका पावसात सगळं गेलं."

"तेव्हा झाड चुकीचं निवडलं होतं. आता बरोबर मिळालंय."

सर वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच सगळ्यांचं भलं हवं आहे; आप्पांनाही हवं होतं. पण त्या दिवसापासून माझ्या काड्या पिशव्यांत खोचल्या जाऊ लागल्या. आज माझ्या समोर, मागं, दोन्ही बाजूंना मीच आहे. त्या माळावरच्या रोगानं मला हात लावला नाही, हे खरं. पण रोग काय एकच असतो? मला माळावरचा रोग झाला नाही, दुसरा होईल. तो आला की मला कुठंच जागा उरणार नाही, कारण सगळीकडं मीच असेन.

स्नेहल सरांशी फार वाद घालत नाही. ती स्कूटर काढते आणि दौंडाकडच्या कालव्यावर जाते. आप्पांचा निरोप तिकडं पोचला होता, आणि कालव्यावरची जुनी झाडं लोक तोडत होते. काही ठिकाणी ती पोचली तेव्हा राख होती. एका ठिकाणी रंगुबाई नावाच्या म्हातारीनं आपल्या परसातलं झाड तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. "उपटायचं तर हाय, पन तू येनार म्हनली व्हतीस," असं म्हणून तिनं स्वतः चार बिया काढून दिल्या. त्या बियांची रोपं स्नेहलनं माझ्या शेजारच्या वाफ्यात लावली आहेत. विषारी आहेत ती, पण खडबडीत, टणक, माझ्यापेक्षा कितीतरी वेगळी. मला त्यांच्याकडं पाहून बरं वाटतं. आपल्यासारखं नसलेलं कुणीतरी जवळ असावं, असं आपल्याच तोंडवळ्याच्या गर्दीत उभं राहिल्यावरच वाटायला लागतं.

ती झाडं फुलली तेव्हा मीही फुललो होतो. स्नेहलनं बारीक कुंचल्यानं त्यांचे पराग माझ्या फुलांवर ठेवले आणि वर कागदी पिशवी बांधली. एक फळ धरलं.

परवा बानू आली होती, सुभान आणि मेहकला घेऊन. यवतला पाहुण्यांकडं आली होती म्हणे. खरं तर ती स्नेहलनं शब्द पाळला का, ते बघायला आली होती. आधी तिनं जाळीचा दरवाजा हलवून कडी घट्ट आहे का ते तपासलं. मेहकला बाहेरच सुभानजवळ उभं केलं. मग माझ्या रांगा बघत ती शेवटपर्यंत गेली आणि परत आली.

"ही समदी तीच?"

"हो मावशी, ही रांग तीच. हे एक फळ वेगळं आहे. बाप भीमेच्या या बाजूचा आहे, दौंडचा."

बानूनं वाकून फळाकडं पाहिलं. "ह्यात काय निघनार? गोड का विषारी?"

"आत्ता नाही सांगता येणार. बिया पेरायच्या, वाढवायच्या, त्यांना फळं येऊ द्यायची, मग कळेल. रंग वेगळा असलेलं, चटकन ओळखू येणारं एखादं मिळतं का तेही त्यातूनच शोधायचंय."

"लय येळ लागंल."

"लागेल."

बानूनं मान हलवली. तिला ते आवडलं की नाही, कळलं नाही. "मी येत जाईन अधनंमधनं," ती म्हणाली. जाताना तिनं कडी पुन्हा लावून पाहिली. जाळीबाहेर मेहक हात पाठीमागं बांधून उभी होती, आजीनं शिकवल्यासारखी, आणि माझ्याकडं टक लावून बघत होती.

माझं तुम्हाला एवढंच मागणं आहे. तुमच्या परसात, बांधावर माझ्या कुळातलं कुणी असेल तर लेकरांना त्याच्यापासून लांब ठेवा. निरुपद्रवी दिसणाऱ्या झाडापासूनही. उपटायचं असेल तर उपटा, मी भांडणार नाही. पण उपटण्याआधी स्नेहलसारख्या कुणाला तरी एक पान, एक काडी नेऊ द्या. आणि उद्या कुणी तुमच्याकडं माझी रोपं घेऊन आलं, बिनविषारी म्हणून, निरोगी म्हणून, तर त्यांना विचारा की माझ्याशिवाय दुसरं काय आणलंय. नुसत्या माझ्यानं माळ भरू नका. मला एकट्याला तो भार पेलायचा नाही.

फळ आता पिवळं पडायला लागलं आहे. स्नेहल रोज सकाळी येऊन पिशवी किलकिली करून बघते. आत तीन बिया आहेत. त्या माझ्यावर जातील, की बापावर, की दोघांवरही नाही, ते मला ठाऊक नाही.